सरांनी अर्ज भरला

प्रिय रावसाहेब,

सप्रेम नमस्कार. तुझ्या कचेरीत शिपायापासून तलाठ्यापर्यंत सगळे तुला असंच म्हणतात, मग आम्हीच काय घोडं मारलंय?

माझी तब्येत ठीक. पाठ अधूनमधून धरते, गोळ्या चालू आहेत. आई बरी आहे. तुमच्याकडेही सगळे खुशाल असतील असं धरून चालतो.

फोनच करणार होतो. पण तू दुसऱ्या वाक्याला "बोल पटकन, कलेक्टरसाहेबांची व्हिडिओ कॉन्फरन्स आहे" म्हणतोस आणि हे पटकन बोलण्यासारखं नाही. घरी सांगून पाहिलं. बायको म्हणाली, "एवढं काय झालं त्यात? निवडणूक म्हटल्यावर असं चालायचंच." तिचं म्हणणं खोटं नाही. पण ती त्या वाड्यात आपल्याबरोबर नव्हती. तू होतास.

आपल्या इतिहासाच्या सरांनी शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेचा अर्ज भरला हे पेपरात वाचलंच असशील. पेपरात न आलेलं सांगतो. गेल्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आता फक्त दुसरा खंड." त्यांच्या ग्रंथाचा; गावकीची कर्जं, दुष्काळ, तगाई म्हणजे शेतीसाठीचं सरकारी कर्ज, इस्तावा म्हणजे वर्षावर्षाने चढत जाणारा सारा, यांच्यावरचा. इतकी वर्षं पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागदांचे रुमाल उघडून जमवलेली ती टिपणांची कार्डं. मी दिवाळीनंतर सरांच्या घरी गेलो तर अभ्यासिकेतल्या टेबलावर मतदारयाद्या पसरलेल्या, भिंतीला तालुकावार तक्ता, आणि कार्डांची खोकी माळ्यावर. काकूंनी स्वतः एकेक खोकं वर चढवलं म्हणे. त्यावर जुनी साडी घालून झाकलंय, पालींचा त्रास आहे म्हणून. काकू मला एवढंच म्हणाल्या, "तुझा नंबर त्या खोक्यांवर लिहून ठेवलाय मी." मला काय बोलावं ते सुचेना.

तुला वाटेल, मी खंडासाठी रडतोय. खंडासाठीही रडतोयच. जर्मन इतिहासकार मॉमसेनच्या चौथ्या खंडावरून तू मेसमध्ये मला किती छळायचास! रोमच्या इतिहासाचे पहिले तीन खंड १८५४ ते १८५६ मध्ये झाले, पाचवा १८८५ मध्ये आला आणि सम्राटांचा चौथा खंड कधी आलाच नाही. मधल्या काळात माणूस आधी प्रशियाच्या आणि मग जर्मनीच्या संसदेत बसला. चान्सलर बिस्मार्कची बदनामी केली म्हणून खटला झाला, त्यातून १८८२ मध्ये निर्दोष सुटला. तू म्हणायचास, संसदेने खंड खाल्ला. मी म्हणायचो, १८८० मध्ये त्याच्या घराला आग लागून कागद जळाले ते विसरू नकोस, आणि शिलालेखांचं केवढं प्रचंड काम त्याच वर्षांत चालू होतं तेही. मग तू भाकरी उचलून "हा चौथा खंड" म्हणत माझ्या ताटातली खायचास. मेसवाले मामा आपल्याला वेडे समजत.

आणि आपले पां. वा. काणे? १९५३ ते १९५९ राज्यसभेत होते, तरी धर्मशास्त्राच्या इतिहासाचं काम थांबलं नाही. पाचव्या खंडाचा शेवटचा भाग १९६२ मध्ये आला, तेव्हा ते ऐंशीच्या पुढे गेले होते. म्हणजे सभागृहात गेलं की लेखणी मोडतेच असं काही नाही. पण काणे राष्ट्रपतीनियुक्त सदस्य होते. त्यांना मतं मागायला कुणाच्या मंचावर उभं राहावं लागलं नाही. माझं सगळं दुखणं त्या मंचापाशी आहे.

आता सांगतो.

तो वाडा आठव. नदीकाठचा, ज्याच्या दिंडी दरवाज्यात तू डोकं आपटलं होतंस. म्हाताऱ्या आजोबांनी देवघरातून नळकांडं आणलं, त्यातून सनद काढली. सर ती कितीतरी वेळ नुसती बघत होते. मग तुला म्हणाले, "काळ वाच." तू वाचलंस, इहिदे सबैन व अलफ, म्हणजे अरबी आकड्यांत लिहिलेलं शुहूर सन, आणि बोटं मोजत छातीठोकपणे साल सांगितलंस, तेही दहा वर्षांनी चुकवून! सर हसले नाहीत. म्हणाले, "एक हजार एकाहत्तर. त्यात पाचशे नव्याण्णव मिळवा." म्हणजे इसवी सन १६७०-७१. मग त्यांनी बोट वरच्या ओळीवर नेलं. तिथे क्षत्रियकुलावतंस आणि छत्रपती. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. म्हणजे ६ जून १६७४. तीन-चार वर्षं आधीच्या कागदावर ही बिरुदं आली कुठून? अक्षराचं वळणही मागाहूनचं. कागद बनावट होता, बहुधा पेशवाईत वतनाच्या भांडणात तयार केलेला.

त्यानंतर सर जे बोलले त्यामुळे मी आयुष्यभर या विषयात राहिलो. आजोबांजवळ खाली बसून म्हणाले, "हा कागद महाराजांचा नाही. पण फेकू नका. तुमच्या घराण्याला हा कागद का करावा लागला, कोण तुमचं वतन बुडवत होतं, ते शोधायचं तर हाच कागद पाहिजे." आजोबा गप्प राहिले, मग त्यांनी मान हलवली आणि सरांना नमस्कार केला. परत येताना एसटीत तू म्हणालास, "सरांनी माणसाची सनद काढून घेतली आणि तरी त्याने नमस्कार केला." तुझंच वाक्य आहे. तू विसरला असशील, मी नाही.

सरांनी पुढे त्यावर लेख लिहिला. तळटीपेत तुझं-माझं नाव पहिल्यांदा छापून आलं. लायब्ररीतल्या बाईंनी तो अंक आपल्याला दंड न लावता महिनाभर ठेवू दिला होता.

त्या आजोबांचा नातू आता शिक्षण संस्थेचा अध्यक्ष आहे. हायस्कुलं, ज्युनिअर कॉलेजं, एक सीनिअर. तुला आकडा सांगायला नको, एका संस्थेत किती शिक्षक मतदार निघतात ते तूच जास्त जाणतोस. आणि अध्यक्षांचा शब्द निघाला की पहिली पसंती कुठे पडते तेही.

परवा त्याच संस्थेच्या सभागृहात मेळावा होता. मी तिसऱ्या रांगेत. अध्यक्ष प्रास्ताविकाला उठले, चांगले बोलतात, आणि म्हणाले, "आमच्या घराण्याला प्रत्यक्ष शिवछत्रपतींनी दिलेली सनद आज जगापुढे आली ती या सरांच्या संशोधनामुळे." टाळ्या. लोक उभे राहिले. मी सरांकडे पाहत होतो. मला खात्री होती, बोलायला उठतील तेव्हा पहिल्या दोन वाक्यांत हसून, कुणाला न दुखवता दुरुस्त करतील. वर्गात कितीदा केलंय! पोराचं उत्तर चुकलं तर "जवळ आलास, अजून थोडा चाल" असं म्हणणारा माणूस.

सर उठले. हात जोडले. जुन्या पेन्शनवर बोलले, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचं काय होणार यावर बोलले, विनाअनुदानित शाळांवर बोलले, तासिका तत्त्वावर घासून घासून म्हातारे होणाऱ्या प्राध्यापकांवर तर इतकं सुंदर बोलले की माझ्या शेजारचा मुलगा डोळे पुसत होता. सनदेवर एक शब्द नाही.

परतीच्या गाडीत मी मागे, ते पुढे. मी विचारलं. थोडा वेळ ते बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मी खोटं बोललो नाही."

मी म्हटलं, "नाही सर. पण तुमच्या नावावर बोललं गेलं."

"ती सभा होती, चर्चासत्र नव्हतं," असं म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "त्या तासिकावाल्या पोरांचं काम करायचं तर आधी आत जायला लागतं रे."

या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि म्हणूनच तुला लिहितोय. आपल्या कवीचं बघ. नेट, सेट, पीएच.डी., आणि अजून दोन गावांतल्या दोन कॉलेजांत तासावर शिकवतो. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणजे पगार नाही. मुलीच्या फीसाठी माझ्याकडे आला तेव्हा मान वर करून बोलत नव्हता. वर्गात आपल्या सगळ्यांच्या पुढे होता तो! अठ्ठ्याहत्तर जणांच्या परिषदेत शिक्षकांचे सात. त्या सातांपैकी एक जर कवीचं नाव माहीत असलेला, त्याच्या प्रबंधावर सही केलेला माणूस असेल, तर ते किती मोठं आहे! मला सर निवडून यायला हवे आहेत. मनापासून हवे आहेत. मतदार नोंदणीचा नमुना एकोणीस भरून घ्यायला मी दारोदार फिरलो. दर निवडणुकीला यादी नव्याने होते हे निम्म्या शिक्षकांना ठाऊकच नसतं, गेल्या वेळचं नाव आहे म्हणून निवांत बसतात. जांभळ्या स्केचपेननेच पसंतीचा आकडा लिहायचा, केंद्रावर दिलेल्याच, हे मी रोज कुणाला तरी समजावतो.

सर स्वतः नुरुल हसनांचं उदाहरण देतात. मुघल काळातल्या जमीनदारांवर इतकं मूलभूत काम केलेला अलिगढचा प्राध्यापक १९७१ मध्ये केंद्रात शिक्षण खात्याचा मंत्री झाला, आणि १९७२ मध्ये भारतीय इतिहास संशोधन परिषद उभी राहिली. "त्यांनी आणखी दोन पुस्तकं लिहिली असती, की तुम्हा पोरांना शिष्यवृत्त्या मिळाल्या त्या बऱ्या?" असं विचारतात. तुझी शिष्यवृत्ती तिथलीच होती, तेव्हा तू या प्रश्नावर जरा जपून बोल.

पण मला राहून राहून पोलंडचा इतिहासकार गेरेमेक आठवतोय. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मध्ययुगीन युरोपच्या पेपरात सरांनी पॅरिसचे भिकारी, भामटे, भटके शिकवले ते त्याच्याच कामावरून. आणि शेवटच्या तासाला पुस्तक मिटून त्याचं आयुष्य सांगितलं. वॉर्सामधलं ज्यू कुटुंब. १९४३ मध्ये अकरा वर्षांचा मुलगा आईबरोबर घेट्टोतून, ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून, निसटला, वडील ऑशविट्झला गेले. ज्याने लपवलं त्याचंच आडनाव पुढे त्याने लावलं. १९५६ नंतर पॅरिसला शिकला. तरुणपणी कम्युनिस्ट पक्षात गेला होता, १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात रणगाडे शिरल्यावर बाहेर पडला. आणि १९८० च्या ऑगस्टमध्ये माझोविएत्स्की या पत्रकाराबरोबर विचारवंतांच्या सह्यांचं पत्र संपकरी कामगारांना द्यायला ग्दान्स्कच्या जहाजगोदीत गेला. पत्र देऊन परतायचं होतं. संपाचा पुढारी लेक वालेसा म्हणाला, नुसतं पत्र नको, थांबा, आम्हाला तुमची मदत लागेल. तो थांबला तो थांबलाच. १९८१ च्या डिसेंबरात लष्करी कायदा आला, वर्षभर कैद. सुटला, पुन्हा अटक. १९८५ मध्ये अकादमीतली नोकरी गेली. १९८९ मध्ये गोलमेज परिषदेत राजकीय सुधारणांच्या गटात सरकारसमोर बसला. १९९७ पासून तीन वर्षं परराष्ट्रमंत्री.

त्या रात्री होस्टेलच्या गच्चीवर आपलं कसलं कडाक्याचं भांडण झालं होतं! तू म्हणालास, भिकाऱ्यांचा अभ्यासक शेवटी मार्च १९९९ मध्ये नाटोच्या कागदांवर सही करतो, याहून मोठी शोकांतिका नाही, कागदाच्या माणसाने कागदातच राहावं. मी म्हटलं, गरिबावर एक समाज कधी दया करतो आणि कधी त्याला फासावर चढवतो हे ज्याने शतकं चाळून पाहिलं, तो गोदीतल्या कामगारांना "पत्र घ्या, मी निघतो" कसं म्हणेल? धाकटे सर खालून ओरडेपर्यंत आपण थांबलो नाही. आणि वर्षाच्या आत तू स्वतःच पीएच.डी. टाकून एमपीएससीला बसलास. तेव्हा मी काय काय बोललो ते तुला पाठ आहे. मला अजूनही वाटतं की तू प्रबंध पूर्ण करायला हवा होतास. असो. तो वाद निवांत भेटीसाठी राखून ठेवू.

गेरेमेकबद्दल माझं मत आजही तेच आहे. मात्र आता मला त्यातलं वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं, आणि तेव्हाच्या भांडणात आपण दोघांनीही त्याकडे पाहिलं नव्हतं. २००७ साली, पंचाहत्तरीला, तो युरोपीय संसदेत होता. पोलंडच्या नव्या सरकारने कायदा केला की कम्युनिस्ट काळात गुप्त पोलिसांशी संबंध नव्हता असं प्रतिज्ञापत्र पुन्हा द्या, नाही तर पद जाईल. त्याने आधी एकदा दिलेलं होतं. लपवण्यासारखं काही नव्हतं. सही केली असती तर दोन मिनिटांचं काम. त्याने नकार दिला. पद गेलं तर जाऊ दे म्हणाला. मग मे महिन्यात तिथल्या घटना न्यायालयाने त्या कायद्याचा बराच भाग रद्द केला. पुढच्याच वर्षी, जुलै २००८ मध्ये, मोटार अपघातात तो गेला.

सत्तावीस वर्षं राजकारणात राहून, मंत्रिपद भोगून, तडजोडी करून, एका कागदापाशी "हे नाही" म्हणायची ताकद त्याच्यात शिल्लक होती. ती सरांमध्येही आहे, मी पाहिलीय. अभ्यासक्रमात बदल करायला कोण कोण घरी येऊन गेलं आणि रिकाम्या हाताने परतलं ते तुला ठाऊक आहे. मला धास्ती आहे ती क्रमाची. गेरेमेकने तुरुंगातून सुरुवात केली. आपल्या सरांची सुरुवात या मेळाव्यातून होते आहे. पहिल्याच पायरीवर ज्याने जन्मभर महजर, म्हणजे गावसभेचे निवाडे, वाचले, ज्याने आपल्याला शिकवलं की पाटलाच्या नांगराची आणि न्हाव्याच्या आरशाची निशाणी एकाच कागदावर येते कारण प्रत्येकाने पूर्वजांना स्मरून खरं सांगायचं असतं, तो माणूस आपल्याच शोधाच्या उलट्या अर्थावर हात जोडून उभा राहिला. आत गेल्यावर ते बोलतील असं ते म्हणतात. आत गेल्यावर पुढच्या निवडणुकीला सहा वर्षं असतील, पण संस्था तीच असेल.

आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत इतिहासाचे शिक्षक होते रे. उद्या ते वर्गात सांगतील, सरांनी सिद्ध केलंय. पुढचा संशोधक लेख न वाचता तेच लिहील. महाराजांच्या जन्मतिथीचंच बघ. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची जुनी सनावळी, उजेडात आणली, १९६६ मध्ये इतिहासकारांची समिती बसली, आणि शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ मध्ये. सगळी माणसं कागद समोर ठेवून भांडत होती तरी एवढा काळ लागला. कागद असलेल्यानेच तोंड मिटलं तर किती लागेल?

मेळाव्यानंतर आणखी एक झालं. प्रचाराची पुस्तिका माझ्याकडे आहे, लिहायची आणि छापूनही घ्यायची. अध्यक्षांच्या माणसाने सरांच्या परिचयात घालायला मजकूर पाठवला. त्यात ओळ आहे, "शिवछत्रपतींच्या अस्सल सनदेचे संशोधक." अस्सल! माझ्या हातात पेन्सिल होती, एका फटक्यात ओळ गेली असती आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मी खोडली नाही. खोडली तर पुस्तिका सुधारेल, सर तिथेच राहतील. मी प्रूफ जसंच्या तसं सरांकडे पाठवलं, त्या ओळीशेजारी उभी रेघ मारून. समासात काही लिहिलं नाही. गुरुवारपर्यंत छापखान्यात द्यायचंय. ओळ राहिली तर पुस्तिका दुसरा कुणीतरी छापेल, मी नाही. मतदार नोंदणीचं, बूथचं काम मात्र मी करत राहीन, कारण कवीचं दुःख खोटं नाही. हे दोन्ही एकत्र बसतं का, ते तूच सांग. मला बसवायचंय.

तू सरकारी नोकर, प्रचारात तुला पाऊल टाकता येणार नाही, आणि टाकूही नकोस. सरांना याबद्दल फोनही करू नकोस. त्यांना वाटेल मी तुला उठवून बसवलं. मला तुझ्याकडून एकच हवंय. वाड्यात तू केलेली सनदेची नक्कल आणि तिच्यावर सरांनी लाल शाईत केलेल्या दुरुस्त्या तुझ्या ट्रंकेत आहेत. तू कागद टाकत नाहीस हे मला माहीत आहे, माझी उधारीची वहीसुद्धा तू जपून ठेवली होतीस. त्याचा फोटो मला बुधवारच्या आत पाठव. मी छापून घेऊन सरांकडे जाईन आणि प्रूफाशेजारी ठेवीन. भाषण करणार नाही. ते वाचतील, मी चहा पिईन.

तुझी बदली झाली का? ती शेवटची जागा पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी होती, तिथून सुटलास तर बरं. वहिनींच्या बी.एड.चा निकाल लागला असेल, अभिनंदन सांग. पोरीला म्हणावं, बारावीला इतिहास ठेवलाय हे ऐकून काकाला फार आनंद झाला, आणि सनावळी बापाला विचारू नकोस. तुझ्या वडिलांच्या ऑपरेशनचं नीट ठरलं की कळव, पुण्यात करणार असाल तर आमच्याकडेच उतरायचं, हॉटेलचं नाव काढायचं नाही.

तुझाच

ता. क. फोटो काढताना कागदाची मागची बाजूही घे. बिरुदांबद्दलचा सरांचा शेरा मागे आहे, तारखेसकट.